वाटाड्याचं नाव

डोंगरात वाट चुकलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? तर वाट चुकलीय हे कबूलच करत नाही. मी तरी नाही केलं. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं शृंगारपूरच्या वरच्या रानात वाटाड्या न घेता शिरलो होतो. तिघंही रत्नागिरीत वाढलेले, त्यामुळे 'आपल्याच जिल्ह्यातला डोंगर, त्याला माणूस कशाला?' हा माज. ठळक दिसणारी एक वाट धरून दीड तास खाली उतरलो आणि ती वाट एका कड्याच्या तोंडाशी जाऊन संपली. ढोरवाट होती ती! गुरं तिथवर चरायला येत असावीत आणि तिथून परत फिरत असावीत. गुरांना जे कळलं ते आम्हाला कळलं नाही. अंधार पडायच्या बेताला कसेबसे वर आलो आणि रात्र कारवीच्या झुडपांत बसून काढली.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा गेलो, तेव्हा मात्र शहाण्यासारखे वनखात्याची परवानगी काढून आणि गावातल्या एका काकांना सोबत घेऊन. साठीच्या पुढचे, कमरेच्या आकडीला कोयता, पायात रबरी चप्पल. त्यांना आमच्या मागच्या पराक्रमाची हकिगत सांगितली. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "चढताना चुकलात तर डोंगर सांबाळतो. उतरताना चुकलात तर नाय सांबाळत."

हे वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकून घेतलं. त्याचा अर्थ नंतर घरी नकाशा पसरून बसल्यावर उलगडला. सह्याद्री कोकणाच्या बाजूला भिंतीसारखा तुटलाय आणि त्या भिंतीला खाली सोंडा फुटल्या आहेत. कोकणातून चढणारा माणूस कुठलीही सोंड धरो, वर जाताना सोंडा एकमेकींना येऊन मिळतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी तो शेवटी धारेवर पोचतो. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्याचं मात्र उलटं. प्रत्येक फाट्यावर एका सोंडेच्या दोन होतात, दोनाच्या चार. त्यातली एखादीच खाली गावात पोचते, बाकीच्या कड्यावर नेऊन सोडतात. आणि वरून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणजे देशावरून कोकणात उतरणाऱ्याला वाटाड्याची गरज चढणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त.

हे लक्षात आलं आणि एकदम डोक्यात १६८९ साल आलं.

ज्या शृंगारपुरातून आम्ही निघालो तिथून खाली नायरीमार्गे कसबा संगमेश्वर फार लांब नाही. कसब्यात कर्णेश्वराचं जुनं देऊळ आहे, शास्त्री नदी आहे आणि जिथे संभाजीराजे पकडले गेले असं दाखवतात तो सरदेसायांचा वाडाही आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला तो दाखवला होता. गुरुजींनी जेमतेम दोन मिनिटांत 'इथे फितुरी झाली' असं सांगून आम्हाला पुढे मार्लेश्वरला नेलं होतं! त्या दोन मिनिटांत मला एक प्रश्न पडायला हवा होता, तो पडला नाही. कोल्हापूरकडची मुघल फौज इथे आली कशी?

तारीख ठरलेली आहे. माघ वद्य सप्तमी, शुक्रवार, १ फेब्रुवारी १६८९. जेधे शकावलीत नोंद अगदी त्रोटक आहे: राजे आणि कविकलश रायगडाकडे निघाले असताना संगमेश्वरी शेख निजामाने दौड करून त्यांना जिवंत धरून नेलं. शेख निजाम म्हणजेच मुकर्रबखान. मूळचा हैदराबादचा, कुतुबशाहीतला सरदार, पुढे औरंगजेबाच्या चाकरीत आलेला. त्याला पन्हाळ्याच्या मोहिमेवर नेमलं होतं आणि तो कोल्हापूर भागात होता. बादशहा स्वतः अकलूजला. साकी मुस्तैदखानाच्या 'मासिर-इ-आलमगिरी'त कोल्हापूर ते संगमेश्वर हे अंतर ४५ कोस दिलंय आणि वाटेतल्या घाटांच्या बिकटपणाचं वर्णन केलंय. खाफीखान निवडक दोन हजार स्वार आणि एक हजार पायदळ असा आकडा देतो. तो बऱ्याच नंतर लिहितो, त्यामुळे आकडा थोडा सैलच धरावा. पण फौज लहान होती, तोफा आणि बाजारबुणगे मागे ठेवून आलेली होती, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मुघली फौज एरवी ज्या थाटात चालायची त्या थाटात ती आली असती तर संगमेश्वरला आठवडाभर आधी सुगावा लागला असता.

सुगावा लागला होताच म्हणे. मुघल बखरकार सांगतात की हेरांनी राजांना खबर दिली आणि राजांनी ती उडवून लावली. मुघल इथवर येणं शक्यच नाही, असं म्हणून. हे शत्रूच्या बाजूचं लिखाण. त्यात राजांना बेसावध आणि विलासी दाखवण्याची हौस उघड दिसते. वा. सी. बेंद्र्यांचा संभाजी-चरित्राचा ग्रंथ १९६० साली आला तो असल्या चित्रणाचा पंचनामा करण्यासाठीच. तेव्हा विलासाची गोष्ट सोडून देऊ. पण 'मुघल इथवर येणं शक्य नाही' हा भाग मला खोटा वाटत नाही. कोकणातल्या कुणाही माणसाने तेव्हा तेच म्हटलं असतं. त्यात गाफीलपणा कमी आणि अनुभव जास्त होता. १६६१ साली कारतलबखान असाच बोरघाटाच्या दक्षिणेकडून कोकणात उतरायला निघाला आणि उंबरखिंडीत शिवाजीराजांनी त्याला असा कोंडला की खंडणी भरून सुटका करून घ्यावी लागली. घाट उतरणं म्हणजे पिंजऱ्यात शिरणं, हा धडा दोन्ही बाजूंना पाठ होता.

मग २८ वर्षांनी काय बदललं? डोंगर तर तेच.

मुकर्रबखान नेमका कुठल्या वाटेने उतरला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आंबा घाटाचं नाव सर्वात जास्त घेतलं जातं. आज रत्नागिरी-कोल्हापूर गाडीरस्ता तिथूनच जातो, त्यामुळे आपल्याला तो सोपा वाटतो. साखरप्याहून बस वळणं घेत चढते आणि तासाभरात आपण घाटमाथ्यावर थंड हवेत चहा पीत असतो. तो रस्ता मनातून पुसून टाका. दाट झाडी, एका वेळी एकच घोडा जाईल अशी वाट, आणि शेजारी कोण? विशाळगड! मराठ्यांचा बळकट किल्ला, जिथून राजे नुकतेच खाली उतरले होते. म्हणजे खानाला किल्ल्याच्या पहाऱ्याच्या नजरेआडून उतरायचं होतं. कुठला ओढा कोरडा आहे, कुठल्या फाट्याला डावं वळायचं, कुठे घोड्यावरून उतरून लगाम हातात धरायचा, हे सांगणारं कुणीतरी पुढे चालत असल्याशिवाय हे होत नाही. काकांच्या मागून चालताना हे मला नव्याने कळलं. दर शंभर पावलांवर ते एक निर्णय घेत होते आणि आम्हाला तो निर्णय आहे हेसुद्धा समजत नव्हतं.

आणि परतीचा विचार तर कुणी फारसा करतच नाही. शत्रूच्या मुलखात, राजा कैद करून, तो राजा कोण हे वाटेतल्या प्रत्येक वाडीला ठाऊक असताना पुन्हा घाट चढून जायचं! १५ फेब्रुवारीला राजे पेडगावच्या बहादूरगडावर बादशहासमोर उभे केले गेले. पंधराच दिवस. म्हणजे परतीतही वाट चुकली नाही, अडवणूक झाली नाही. म्हाळोजी घोरपडे संगमेश्वरी पडले. त्यानंतर वाटेत कुणी आडवं आल्याचं दिसत नाही. पुढे ११ मार्चला जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवतो. १७०१ च्या अखेरीस खुद्द औरंगजेब विशाळगडावर चालून आला. हीच वाट, हाच आंबा घाट. पण या वेळी सगळी बादशाही छावणी सोबत: हत्ती, उंट, तोफा, तंबू, बाजार. फत्तेउल्लाखानाला पुढे पाठवून बेलदारांकडून आणि कुऱ्हाडी घेतलेल्या माणसांकडून झाडं तोडून, खडक फोडून रस्ता करावा लागला. वेढा जून १७०२ पर्यंत चालला. किल्ला शेवटी परशुराम त्रिंबकांकडून पैसे मोजूनच मिळाला, त्याला 'सख्खरलना' असं भारदस्त नाव दिलं गेलं आणि छावणी परत फिरली. ऐन पावसाळ्यात. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ओढे फुगले, जनावरं वाहून गेली, चिखलात सामान रुतलं. पन्हाळ्यापर्यंतची साधारण तीस मैलांची वाट कापायला एक महिन्याहून जास्त लागला.

एका बाजूला हिंदुस्थानचा बादशहा, हाताशी वाटेल तेवढी माणसं, आणि डोंगराने त्याला रडवलं. दुसऱ्या बाजूला त्याचाच एक सरदार मूठभर स्वार घेऊन त्याच डोंगरातून उतरला आणि चढला. ऋतूचा फरक आहे, मान्य. फेब्रुवारीत रान कोरडं असतं. पण केवळ ऋतूने हा फरक पडत नाही. १७०१ मध्ये बादशहा आला तोही हिवाळाच होता, आणि तरी त्याला आधी खडक फोडावे लागले. बादशहाने रस्ता केला. खानाला वाट दाखवली गेली.

कुणी दाखवली?

इथे आलं की आपण सगळे एकच नाव घेतो. गणोजी शिर्के. संभाजीराजांचे मेव्हणे, येसूबाईंचे भाऊ, आणि शिवाजीराजांचे जावईही, कारण राजकुंवरबाई त्यांना दिलेल्या. शिर्के याच शृंगारपूरचे. १६६१ साली शिवाजीराजांनी शृंगारपूर सुर्व्यांकडून घेतलं तेव्हा पिलाजी शिर्के स्वराज्यात आले आणि सोयरिकी झाल्या. दाभोळच्या देशमुखीचं दुखणं मात्र शिर्क्यांच्या मनात राहिलं. १६८८ च्या शेवटाला त्यांचं कविकलशाशी इतकं फाटलं की कविकलशाला विशाळगडावर पळून जावं लागलं, आणि राजांनी रायगडाहून येऊन संगमेश्वरी शिर्क्यांचा मोड केला. म्हणजे राग होता, कारण होतं, आणि या डोंगराची खडान् खडा माहिती होती. खटला उभा करायला आणखी काय हवं?

पुरावा हवा. आणि तिथे पाय घसरतो. 'मासिर'मध्ये शिर्क्यांशी झालेल्या भांडणाचा उल्लेख आहे, पण खानाला बातमी आणली ती हेरांनी, असं तो म्हणतो. जेधे शकावली वाटाड्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पाँडिचेरीत बसलेल्या फ्रान्स्वा मार्टिन या फ्रेंच अधिकाऱ्याने रोजनिशीत फितुरीचं बोट निराळ्याच लोकांकडे दाखवलंय. बाकी सगळं बखरी, कादंबऱ्या, नाटकं आणि आता चित्रपट. २०२५ च्या सुरुवातीला यावरून पुन्हा मोठा वाद झाला आणि शिर्के घराण्यातल्या लोकांनी जाहीरपणे आक्षेप घेतला. मी कुणाची वकिली करत नाही. शिर्के त्या काळात मुघलांकडे गेले हे खरंच आहे. पण मुघलांकडे जाणं आणि घोड्याच्या पुढे चालत घाट उतरवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी कुणी केली हे समकालीन कागद सांगत नाहीत.

गणोजींची गोष्ट तिथे संपतही नाही. राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात अडकले होते तेव्हा गणोजी बाहेर झुल्फिकारखानाच्या फौजेत होते. १६९७ च्या अखेरीस महाराज तिथून निसटले. बखरी सांगतात की खंडो बल्लाळांनी दाभोळचं आपलं वतन शिर्क्यांना सोडून दिलं आणि त्या बदल्यात शिर्क्यांनी वेढ्यातून वाट करून दिली. म्हणजे ज्या माणसाने एका छत्रपतीकडे जाणारी वाट शत्रूला दाखवली असं आपण म्हणतो, त्यानेच शत्रूच्या गराड्यातून दुसऱ्या छत्रपतीला बाहेर पडायची वाट दाखवली! पहिल्या गोष्टीसाठी त्याचं नाव शिवीसारखं वापरलं जातं. दुसरी गोष्ट विचारून बघा, दहांत एकाला ठाऊक नसते.

मला मात्र गणोजींपेक्षा वेगळ्याच माणसाबद्दल कुतूहल आहे. समजा शिर्के सामील होते. तरी एक वतनदार देशमुख स्वतः ओढ्या-नाळेतून पुढे चालत गेला असेल का? वाट ठाऊक असते ती गवळ्याला, धनगराला, वर मीठ-सुकट नेऊन खाली मिरची-कांदा आणणाऱ्या बैलवाल्याला. वाटाड्या असणार तो असाच कुणीतरी. त्याला पैसे मिळाले असतील, धमकी मिळाली असेल, किंवा बायकोपोरं ओलीस ठेवली असतील. आपण कुणाला नेतोय हे त्याला कळलं तरी असेल का? उंबरखिंडीत शिवाजीराजांच्या माणसांना रानातल्या जागा दाखवणारा, १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे भर पावसात रात्रीची पालखी नेणारा, हाही असाच माणूस. त्यांचीही नावं आपल्याकडे नाहीत. फक्त तेव्हा आपल्याला नाव शोधायची निकड वाटली नाही. फितुरी झाली की मात्र नाव लागतं, आणि मग ते मोठ्या माणसाचंच लागतं.

स्वराज्याला हे कळत होतं असं वाटतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त किल्ल्यांच्या प्रकरणात घेऱ्यातली झाडी राखण्याबद्दल, वाटा आणि चोरवाटांबद्दल बारकाईने लिहिलंय. झाडी तुटली की वाट उघडी पडते. पंतांनी स्वतः १६८९ नंतरची ती सगळी धावपळ सोसलेली होती. ते काही पुस्तकी ज्ञान नव्हतं.

असो. प्रचितगडावर परत येतो.

शृंगारपुरातून चढायला सुरुवात केली तेव्हा सात वाजले होते. पालापाचोळ्यात पाऊल घोट्यापर्यंत जात होतं. वाट अशी दिसतच नव्हती. काका चालायचे तीच वाट. मध्ये एका ठिकाणी थांबून त्यांनी गव्याचं ताजं शेण दाखवलं आणि आम्हाला पाच मिनिटं गप्प उभं केलं. माथ्याजवळच्या लोखंडी शिडीपाशी आल्यावर मात्र माझे पाय लटपटले. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलंच. "शिडीकडं बगा, दरीकडं नको," एवढंच ते बोलले आणि माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली. वर पाण्याची टाकी आहेत, काही तोफा गवतात पडल्या आहेत. पूर्वेला चांदोलीचं रान, नजर पोचेल तिथवर हिरवं-करडं, एक घर नाही.

मी विचारलं, इथून पुढे वर पाटणकडे वाट जाते ना? "जायची," ते म्हणाले. त्यांची आत्या वरच्या गावात दिली होती. लहानपणी आईबरोबर दिवाळीनंतर तिच्याकडे जायचे. जाताना तांदूळ आणि सुकी मासळी, येताना घेवडा आणि नाचणी. वरची गावं अभयारण्यासाठी हलवली गेली. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. रान राखायला हवं होतं, त्यात वाद नाही. त्या रानाचे फोटो काढायला मीही तिथे गेलोच होतो. पण वर कुणी नातेवाईक उरले नाहीत, त्यामुळे वर जायचं कारण उरलं नाही. आणि कारण नाही तर वाट कुठून राहणार? दोन पावसाळे कुणी गेलं नाही की कारवी सगळं बुजवून टाकते.

"तुमच्या मुलाला येतात या वाटा?"

"त्याला येतं हितपातूर," त्यांनी शिडीकडे हात केला. "लोकं गडाला येतात ना, म्हनून. पलीकडचं नाय. तो मुंबैला असतो, गणपतीला, शिमग्याला येतो."

उतरताना ते एका फाट्यावर थांबले. कोयत्याने एक बारीक फांदी अर्धी तोडून एका बाजूला वाकवली. मी म्हटलं, हे पुढच्या माणसासाठी का? ते म्हणाले, "नाय, ही चुकीची वाट. गेल्या टायमाला तुमी हितनंच खाली गेलेले."

मी त्या वाटेकडे बघितलं. मघाशी त्यांनी हाक मारली नसती तर मी पुन्हा तिकडेच वळलो असतो. तीच जास्त ठळक दिसत होती.

खाली आल्यावर त्यांच्या पडवीत बसून भाकरी आणि कुळथाची पिठी खाल्ली. निघताना पैसे दिले. ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त दिले, तर त्यांनी वरचे परत केले. वनखात्याच्या परवान्यावर आमच्या तिघांची नावं, पत्ते, फोन नंबर, सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. 'सोबत' या रकान्यात फक्त एक शब्द होता: स्थानिक.